रायलीबाईचा तांब्या

"म्हणजे नऊ वर्षांत एकही बाप्तिस्मा नाही?"

सुमंत आढावने हे जरा मोठ्यानेच विचारलं. सेमिनरीत पहिला आलेल्या माणसाचा आवाज मुळातच थोडा वर असतो.

"एकही नाही," मकासरेसर म्हणाले.

सातपुड्यातला हा पाडा पंधरा-वीस घरांचा. तरुणपणी सर इथे बायकोला, रूथबाईंना, घेऊन सुवार्ता सांगायला आले होते. ती नऊ वर्षं तेव्हाची. पुढे पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवायला गेले. निवृत्त झाल्यावर मुलगा नगरला बोलवत असताना पुन्हा इथेच येऊन राहिले. अंगणात मोहाच्या झाडाखाली रूथबाईंची कबर आहे. तिच्याकडे तोंड करून ते ओट्यावर बसतात.

सुमंत त्यांचा लाडका विद्यार्थी. मंगळवारी तो मोझांबिकला निघाला होता, त्याच्या चर्चच्या मंडळीने पाठवलेला पहिला मिशनरी म्हणून. रविवारी पाठवणीची उपासना झाली, मंडळीतल्या अकरा वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद म्हणून डोक्यावर हात ठेवले. पण सरांचे हात राहिले होते. त्यांच्या हातांशिवाय आपण खरे पाठवलेले नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यासाठी तो दोन तासांचा चढ चढून आला होता.

आल्या आल्या शेजारची रायलीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. वाकलेली, केस पांढरे झालेली. सुमंतने हसून सॅकमधली बाटली काढून दाखवली.

"राहू दे आजी. माझं पाणी आहे माझ्याजवळ."

रायलीबाई तांब्या ओट्यावर ठेवून आपल्या घरात गेली.

सरांनी पाहिलं.

"रविवारी कशावर बोललास?" त्यांनी विचारलं.

"विहिरीपाशी बसून परक्या बाईकडे पाणी मागणाऱ्या प्रभूवर. जिवंत पाण्यावर. लोक रडत होते, सर."

"तिकडची भाषा?"

"शिकतोय. देव, पाप, तारण, क्षमा... प्रवचनापुरती येते."

"'मला प्यायला पाणी द्या' कसं म्हणतात?"

सुमंतने आठवून पाहिलं. "ते... तिथे गेल्यावर शिकेन."

सर मोहाकडे बघत राहिले.

"माझे आजोबा गावच्या विहिरीपासून दहा पावलं लांब उभे राहायचे," ते म्हणाले. "ओंजळ धरून. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. मिशनच्या आवारात आमची स्वतःची विहीर झाली, तेव्हा आजोबा तिच्या काठावर बसून रडले होते म्हणे. ती ओंजळ विसरायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या... मी जरा जास्तच विसरलो."

"म्हणजे?"

"इथे आलो तेव्हा मिशनने सांगितलं होतं, पाणी उकळून प्या. बरोबरच होतं ते. पण मी त्याचा नेम केला. कुणाच्या घरी पाण्याचा थेंब घेतला नाही, भाकरीचा तुकडा घेतला नाही. आपण द्यायला आलोय, घ्यायला नाही, असं म्हणायचो. रूथला वाटायचं, बायकांत बसावं, त्यांच्या हातचं खावं. मी नाही म्हणायचो. ती ऐकायची."

सुमंतने घड्याळ पाहिलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"दहाव्या वर्षी तिला ताप आला. मी पलीकडच्या पाड्यावर प्रवचनाला गेलो. संध्याकाळपर्यंत येतो म्हणालो. दुपारीच परतलो, तर रूथचं डोकं रायलीच्या मांडीवर. ओठ ओले होते. आणि श्वास..."

चाळीस वर्षं झाली होती त्याला. सरांनी उपरण्याने डोळे पुसले आणि ते लपवलं नाही.

"रायली म्हणाली, 'तुम्ही औषधं दिली, कपडे दिले, आम्ही घेतलं. आमचं तुम्ही कधीच काही घेतलं नाही. आम्हाला वाटायचं, तुम्हाला आमची किळस येते. आज हिने माझ्याकडे पाणी मागितलं.'"

मोहाचं एक पान कबरीवर पडलं.

"मग?" सुमंतने हळूच विचारलं. "मग लोक मंडळीत आले?"

सरांनी काठीने कबरीकडे दाखवलं.

"रूथला पोचवायला आले," ते म्हणाले. "सगळा पाडा आला."

सुमंतची मान खाली गेली. मग तो उठला आणि सरांपुढे गुडघे टेकून बसला.

"हात ठेवा, सर. मी चुकलो."

हात आले नाहीत.

त्याने डोळे उघडले. ओट्यावरचा तांब्या दिसला. घाईघाईने त्याने तो ओढून घेतला आणि तोंडाला लावणार, तोच सरांनी त्याचं मनगट धरलं.

"हे तिने दिलं होतं. ते तू परत केलंस."

त्यांनी तांब्या काढून घेतला. काठीच्या आधाराने मोहाखाली गेले. सगळं पाणी कबरीवर ओतलं, अगदी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. परत येऊन रिकामा तांब्या सुमंतच्या हातात दिला.

"रायली घरात आहे. जा, माग."

सुमंत तांब्या घेऊन उभा राहिला. समोर रायलीबाईचं दार उघडंच होतं. दहा पावलांवर.

"पण सर..." तो ओशाळून म्हणाला. माणूस प्रामाणिक होता. "मला खरंच तहान नाही. उगाच कसं मागू?"

सर पुन्हा ओट्यावर बसले. आपले दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले.

"मग मंगळवारी जाऊ नकोस."