पहिल्या शेतातली माती

एकदा एका वृद्ध लामांपुढे त्यांचा शिष्य हट्ट धरून बसला. विदर्भातल्या तिबेटी वसाहतीत तो मुलांना आपली लिपी शिकवीत असे. पण मुले भांडत मराठीत, रुसतही मराठीत. त्याला सारे व्यर्थ वाटू लागले. "गुरुजी, आपले सगळे नकलेची नक्कल आहे. एकदा मूळ दाखवा, नाहीतर ही शाळा मी सोडली!"

हट्टी माणसाला नेहमी मूळच हवे असते. गुरुजी हो म्हणाले, आणि उन्हाळी सुट्टीत दोघे तिबेटातल्या यारलुंगच्या खोऱ्यात पोहोचले. तिबेटी संस्कृती इथेच जन्मली, असे सांगतात. दंतकथेतल्या माकडापासून पहिली माणसे झाली ती गुहा पाहिली, पहिल्या राजाचा डोंगरमाथ्यावरचा महाल पाहिला. शिष्य हरखून गेला. शेवटी ते तिबेटातले पहिले शेत म्हणतात तिथे आले. पीक चांगले यावे म्हणून परगावचे शेतकरी इथली चिमूटभर माती नेऊन आपल्या शेतात मिसळतात. शिष्याचे चिमटीवर कसले भागते! त्याने पिशवीच भरायला घेतली.

तेवढ्यात गुरुजींनी कमरेची पुरचुंडी सोडली आणि वसाहतीतल्या धानाच्या बांधीतली मूठभर माती त्या शेतात टाकली.

शिष्याच्या अंगाची लाही लाही झाली. "गुरुजी, बाटवलेत की! आता हे मूळ कसले?"

जव खुरपणारी एक म्हातारी जवळ आली. "कुठली हो ही माती, लामाजी?"

"लांबची. भाताच्या शेतातली."

"मग कसदार असेल," म्हणत तिने ती खुरप्याने मिसळली आणि पुन्हा कामाला लागली.

गुरुजी म्हणाले, "बाळ, इथे दरवर्षी शेण पडते, राख पडते, ओढ्याचा गाळ येतो. पहिल्या नांगराने उलटलेला कण आता कुठे शोधशील? तरी हे पहिले शेतच आहे, कारण ते कुणी पडीक पडू दिले नाही. मुले मराठीत भांडतात, तर भांडू देत. त्यांची पाटी कोरी राहिली, तर मात्र आपले शेत पडीक पडले असे समज."

शिष्याला लाज वाटली आणि फार हलकेही वाटले. त्याने पिशवी शेतातच उपडी केली, चिमूटभर माती तेवढी ठेवली.

"गुरुजी," तो म्हणाला, "सोमवारी शाळा उघडते. तोवर पोहोचू ना आपण?"