बुवांच्या कानातला कापूस

“हं, पद्मनाभा... काय होतं उताऱ्यात?”

गिरधरबुवांनी दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढून मांडीवर ठेवले आणि विचारलं.

पद्मनाभ उठून उभा राहिला. त्याने उपरणं सावरलं, घसा साफ केला, एकदा पंगतीकडे नजर फिरवली. हे सगळं तो फार ऐटीत करायचा.

कड्यावरच्या त्या मठात एक रीत होती. दिवेलागणीला पानं मांडायची, भाताचं पातेलं पंगतीच्या मधोमध आणून ठेवायचं, आणि वाढण्याआधी एक छोटा उतारा वाचायचा. पोथीपुराणातला नव्हे हं! कधी विहिरीच्या झऱ्यांबद्दल, कधी मधमाश्यांबद्दल, कधी मीठ कसं पिकतं त्याबद्दल. मग ज्याची पाळी असेल त्या शिष्याने उठून त्याचं सार एका वाक्यात सांगायचं. बुवांना पटलं की ते म्हणत, “वाढा.” नाही पटलं तर पातेल्यावरचं झाकण हलत नसे, मग भात गार झाला तरी बेहत्तर.

आज पाळी पद्मनाभाची होती, आणि आजची पाळी साधीसुधी नव्हती. पायथ्याच्या तांबुळवाडीने शाळेसाठी मठाकडे एक मास्तर मागितला होता. बुवांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, “पद्मनाभाने आज सार नीट सांगितलं तर उद्या तो जाईल. नाहीतर हणमंत जाईल.”

पद्मनाभाने वळकटी दुपारीच बांधून दाराशी ठेवली होती. काशीला शिकून आलेला माणूस तो, एवढ्याशा उताऱ्याला काय भिणार? पण खरं सांगायचं तर ती शाळा त्याला हवी होती, अगदी जिवापाड हवी होती.

उतारा हणमंताने वाचला होता. तो असा:

‘सुगरण पक्ष्यांतला नर गवताच्या पात्यांच्या बारीक धांदोट्या काढून आणतो आणि त्यांचं घरटं विणतो. घरटं अर्धं झालं की तो विणणं थांबवतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी येते, आत शिरते, इकडेतिकडे चोच मारून पाहते. तिला पसंत पडलं तर नर खालची लांब नळी विणून घरटं पुरं करतो. नाही पडलं तर पुष्कळदा ते तसंच सोडून दुसरं विणायला घेतो. विणीच्या हंगामात एकाच बाभळीवर पुरी आणि अर्धी घरटी शेजारीशेजारी लोंबताना दिसतात.’

एवढाच उतारा. पद्मनाभाला वाटलं, हात्तिच्या!

“बुवा, सुगरण हा पक्षी विणकामात अत्यंत निपुण आहे.”

बुवा पंगतीकडे वळले. रोज विचारायचे तेच त्यांनी विचारलं.

“सगळं मावलं का रे यात? काय राहिलं बाहेर?”

हणमंत साधा गडी. त्याने डोकं खाजवलं. “मादी राहिली, बुवा. ती तर काहीच विणत नाही.”

“आणि अर्धी घरटी,” पंगतीच्या टोकाहून कुणीतरी म्हणालं.

बुवांनी पद्मनाभाकडे पाहिलं. झाकण जागचं हललं नाही.

पद्मनाभ मनात चरफडला. राहिलं म्हणता? बरं, आता काही राहूच देत नाही! त्याने छाती भरून श्वास घेतला आणि गवत, धांदोट्या, नर, मादी, चोच, नळी, बाभूळ, सगळं एकाच वाक्यात ओवून टाकलं. शेवटी शेवटी त्याचा आवाज फाटला.

“एक वाक्य मागितलं होतं,” बुवा म्हणाले.

“एकच होतं, बुवा.”

“हो का? मग मधे तीनदा दम का लागला?”

पंगतीत खसखस पिकली. पद्मनाभाचे कान लाल झाले.

“बुवा, भाताचा गोळा होतोय हो,” गोदाक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात पळी तयार होती.

“होऊ दे,” बुवा म्हणाले.

पद्मनाभाने डोळे मिटले. आता त्याने ठेवणीतलं काढायचं ठरवलं. त्या मठात सगळ्यांनाच एक खोड होती. काहीही वाचा, त्यांना त्यात वैराग्य सापडायचं. मधमाश्या वाचा, वैराग्य. मीठ वाचा, वैराग्य. एकदा तर गूळ कसा करतात ते वाचलं होतं, आणि त्यातूनही एकाने वैराग्य काढून दाखवलं होतं. धन्य ती मंडळी!

“बुवा,” पद्मनाभ गंभीर आवाजात म्हणाला, “इतक्या कष्टाने बांधलेलं घर जो क्षणात सोडून जातो, तोच खरा विरक्त.”

“वा!” दोन-तीन माना डोलल्या.

बुवांची मान मात्र डोलली नाही.

“बरं... पण पक्षी कुठे गेला रे?”

“पक्षी?”

“तू विरक्त सांगितलास. पक्षी उडाला वाटतं.”

“आणि बुवा,” हणमंत अगदी निरागसपणे म्हणाला, “तो नर तर लगेच दुसरं घर विणायला घेतो. विरक्त कसला तो?”

आता मात्र सगळी पंगत मोकळेपणाने हसली. पद्मनाभाची नजर दाराशी ठेवलेल्या वळकटीवर गेली. उद्या ती तिथेच राहणार आणि हणमंत जाणार, या विचाराने त्याला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. आणि रडू आवरायला गेला तो चिडला.

“बुवा, पुरे झालं! तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. तुम्ही नुसती माझी परीक्षा बघताय. तुमच्या मनात काय आहे ते एकदा सांगा, मी तेच बोलतो.”

“मला ठाऊक नाही.”

“असं कसं? आत्ता तुमच्यासमोर वाचला ना हणमंताने?”

बुवांनी मांडीवरचे कापसाचे बोळे उचलले आणि पद्मनाभाच्या तळहातावर ठेवले. चांगले घट्ट वळलेले होते. तिळाच्या तेलात भिजलेले, अंगठ्याएवढे जाड.

“वाचन चालतं तेव्हा मला काही ऐकू येत नाही, बाबा.”

गोदाक्काची पळी हातातच राहिली.

कड्यावर वारं फार, म्हणून बुवा संध्याकाळी कानात कापूस घालतात, असं सगळे धरून चालले होते. वाचन सुरू होताना कापूस आत, वाचन संपलं की बाहेर. नेमकं तेवढ्याच वेळापुरतं वारं कसं सुटतं, हा प्रश्न त्या ज्ञानी मंडळींतल्या एकालाही कधी पडला नव्हता!

“म्हणजे... रोज?” पद्मनाभाने विचारलं.

“रोज.”

“मग रोज तुम्ही विचारता, काय होतं उताऱ्यात...”

“मला कळावं म्हणून विचारतो.”

पद्मनाभ मटकन खाली बसला. आजवर दिलेली सगळी सुरेख उत्तरं त्याला आठवली. किती तोलूनमापून बोललो आपण! आणि समोरच्या माणसाच्या पदरात काय पडलं? त्याला फार लाज वाटली.

बुवा मात्र पुढे सरकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती उत्सुकता होती.

“सुगरणीचं काहीतरी आहे, एवढं तुमच्या बोलण्यावरून कळलं. आमच्या गावी विहिरीवर बाभूळ होती. तिच्यावर घरटी लोंबायची. काही चांगली लांब नळीची, तर काही नुसती टोपीएवढी, अर्धी. मी पोरगा होतो तेव्हा त्यांच्याकडे बघत उभा राहायचो. वाटायचं, अर्धं टाकून कुठे गेलं असेल पाखरू? मेलं असेल का? आईला विचारलं, तिला ठाऊक नव्हतं. नंतर कुणाला विचारायचं राहूनच गेलं...”

ते थांबले.

“उताऱ्यात आहे का रे त्याबद्दल काही?”

पद्मनाभाने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा खरंच विचारत होता. इतकी वर्षं त्या बाभळीखालीच उभा असल्यासारखा विचारत होता.

या वेळी उपरणं सावरायचं पद्मनाभाच्या लक्षातही आलं नाही.

“मेलं नाही, बुवा,” तो घाईघाईने म्हणाला. “मादीने आत शिरून बघितलं आणि तिला पसंत पडलं, तरच नर घरटं पुरं करतो, म्हणून काही अर्धीच राहतात.”

“अस्सं होय!”

बुवांनी मांडीवर थाप मारली. मग हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

“अस्सं होय... आणि मी उगाच त्या पाखराचं सुतक धरून बसलो होतो!”

मग पंगतीकडे वळून त्यांनी विचारलं, “काय राहिलं रे बाहेर?”

हणमंत विचारात पडला. “गवताच्या धांदोट्या...” तो म्हणाला आणि स्वतःच मान हलवली. “पण त्या विणायला लागतातच की. आणि नळी पसंतीनंतरची. बाभूळही बसली.” त्याने पुन्हा एकदा मनात सगळं फिरवून बघितलं. “नाही, बुवा. काही नाही राहिलं.”

“वाढा,” बुवा म्हणाले.

झाकण निघालं. भाताचा पार दगड झाला होता. गोदाक्काने तोंडातल्या तोंडात सगळ्यांचा उद्धार केला आणि वर कढत आमटी ओतली. मंडळी आडवा हात मारू लागली.

पद्मनाभाने मात्र घासाला हात लावला नव्हता. त्याने कापसाचे बोळे बुवांपुढे धरले.

“असू देत,” बुवा म्हणाले. “तिथे लागतील.”

पद्मनाभाचा आधी विश्वासच बसेना. त्याने वळकटीकडे पाहिलं, मग बुवांकडे. त्याने बोळे उपरण्याच्या टोकाला बांधले. पण मनात कुठेतरी एक खुटखुट राहिलीच होती.

“बुवा... मी मास्तर म्हणून पुरा झालो ना?”

बुवांनी आमटीभात कालवला, एक घास घेतला, सावकाश चावून गिळला.

“ते मी कसं सांगू? आत शिरून बघणारी पोरं खाली तांबुळवाडीत आहेत.”