यवन लेखकाने रचलेली देवी

फार जुन्या काळी, समुद्रकाठच्या एका यवन, म्हणजे ग्रीक, नगरात एक लेखक राहत होता. पूर्वेकडच्या देवदेवतांवर त्याने मोठी पोथी लिहिली होती. खरं तर पूर्वेला तो कधी गेलाच नव्हता. बंदरावर खलाशांच्या तोंडून चार गोष्टी ऐकल्या, उरलेल्या मनाने रचल्या आणि वर लिहून टाकलं, 'हे सारं तिथल्या देवळातल्या शिलालेखावरून उतरवलं आहे.'

पोथी लोकांना फार आवडली. त्यातही पूर्वेची मत्स्यदेवी रुसली की लहान मुलं गिळते, ही कथा जो तो चवीने सांगू लागला. लेखक मनातून सुखावला.

त्याच नगरात पूर्वेकडून आलेली एक म्हातारी रोट्या भाजून विकत असे. एके दिवशी लेखक नेहमीप्रमाणे रोटी घ्यायला गेला. पाहतो तर टोपली भरलेली आणि गिऱ्हाईक एकही नाही.

"काय झालं, आजी?"

"लोक म्हणतात, ही बाई मुलं गिळणाऱ्या देवीची भक्त. आया लेकरांना माझ्या दारावरून जाऊ देत नाहीत." मग ती हळूच म्हणाली, "तू शिकलेला आहेस, बाबा. तो शिलालेख कुठल्या देवळात आहे रे? आमची देवी तर पुरात वाहून चाललेली लेकरं पाठीवर घेऊन काठाला आणते."

लेखकाला वाटलं, खरं बोलावं तर मान जाणार. पण म्हातारीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहून त्याला राहवेना.

"शिलालेख नाहीच, आजी. ती कथा मीच रचली."

म्हातारीने टोपली बाजूला सारली. "रचलीस झकास," ती म्हणाली, "पण मग तुझी म्हणून सांगायचीस. आमच्या देवीच्या माथी कशाला मारलीस?"

दुसऱ्याच दिवशी लेखकाने भर चौकात सारं कबूल केलं. काही हसले, काही चिडले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग तो म्हातारीजवळ बसला आणि तिची कथा तिच्याच शब्दांत उतरवून घेतली. नव्या पोथीत ऐकलेलं त्याने काळ्या शाईने लिहिलं आणि स्वतः रचलेलं तांबड्या.

हळूहळू आया मुलांना घेऊन रोट्या न्यायला येऊ लागल्या. मुलं देवीची गोष्ट ऐकल्याशिवाय हलेनात. लेखकाची तांबडी पानंही लोक आवडीने वाचू लागले, आणि त्याला आता कुणाच्या प्रश्नाची धास्ती उरली नाही.

तात्पर्य: कल्पना मनमुराद करावी, पण ती आपली म्हणून सांगावी, दुसऱ्याच्या श्रद्धेच्या नावावर खपवू नये.