ठणकीची पैज

एका बांगडीवालीच्या उजव्या हातात दोन चेतापेशी शेजारी-शेजारी राहायच्या. एकीचं नाव ठणकी, दुसरीचं गुदगुली. एके सकाळी गुदगुली म्हणाली, "ठणके, पैज लाव. आज हळू ओरडून दाखव." आणि ही येडी म्हणाली, "लागली!"

आता चेतापेशी म्हणजे काय प्रकरण ते ऐका. लय लांबलचक बाई! घर पाठीच्या कण्याशेजारी, फांद्या पार बोटाच्या टोकात आणि मधे हातभर तार. बोटाला काही लागलं की फांद्यांना कळतं, तारेतून सणकन वीज पळते आणि कण्यातल्या मावशीच्या दारात थांबते. मावशी पण चेतापेशीच. पण तिला शिवायचं नाही, असा रिवाज. मधे केसाहूनही बारीक फट. फटीपलीकडे इवलंसं रसायन टाकायचं, मावशी ते चाखते आणि लगेच हात मागे खेचायला लावते. मेंदूसाहेबांना सगळं झाल्यावर कळतं.

गुदगुलीकडं मऊ-मऊ बातम्या. रेशीम, मांजराचं पिल्लू, बाळाचे गाल. तिच्या तारेवर चरबीचं जाड पांघरूण, म्हणून तिची बातमी आधी पोचायची. त्यामुळं भाव भारी. ठणकीकडं काय? चटका, टोचणं, कापणं.

"तू बोललीस की बाई रडते," गुदगुली चिडवायची. "जरा गोडीत सांगायला काय होतं गं?"

ठणकीला ते फार लागलं होतं. म्हणून तर पैज घेतली.

पण चेतापेशीला हळू ओरडताच येत नाही. हाक गेली तर अख्खी जाते, नाहीतर जातच नाही. जास्त दुखलं तर तीच हाक भराभर मारायची, बस्स. पैजेच्या नादात दोघी हे साफ विसरल्या.

दुपारी बांगडीवाली शेगडीपुढं बसून बांगड्यांसाठी लाख तापवून वळत होती. समोर बांगड्या भरायला आलेली नवरी. गप्पांच्या नादात बाईचं बोट तापल्या सळईला टेकलं. ठणकीनं दम आवरला आणि हळूच हाक मारली. काहीच गेलं नाही. पुन्हा मारली. छे! मावशी पलीकडं आरामात बसलेली, बाई हसतेय आणि बोट सळईवरच.

"अगं काकी, जळका वास कसला?" नवरी ओरडली.

बाईनं बघून हात ओढला. बोटाचं टोक पांढरंफटक पडलं होतं. तिनं ते बांगडीवर घासून बघितलं. गुळगुळीत की खरखरीत, कळेना. गुदगुलीच्या फांद्याही बधिर झाल्या होत्या.

"काहीच कळत नाही गं! हे बोट गेलं तर मी खाऊ काय?" बाई रडायला लागली.

मावशी फटीपलीकडून गरजली, "ठणके, मेलीस का काय? बोल की!"

"बोलले तरी बाई रडते, गप्प बसले तरी रडते," ठणकी हुंदके देत म्हणाली.

"अगं, ओरड! पूर्ण ओरड!"

ठणकीनं जीव एकवटून हाक मारली. मग दुसरी. मग तर धडाकाच लावला.

"आई गंऽऽ!" बाई किंचाळली आणि रडता-रडता हसायलाच लागली. "दुखतंय! पोरी, दुखतंय बघ! बोट जिवंत आहे माझं!" त्या ठणक्यासरशी तिनं बोट गार पाण्यात बुडवलं आणि त्याच्याकडं बघत म्हणाली, "आलास रे बाबा दुखण्या! फार उपकार झाले."

आजवर ठणकीला कुणी असं म्हटलंच नव्हतं. ती इतकी खूश झाली, की रात्रभर ठणकतच राहिली.

"ते सगळं ठीक," मावशी म्हणाली, "पण आधी दातखीळ का बसली होती? कुणाचं हे खूळ?"

ठणकी मैत्रिणीचं नाव घेईना.

मग गुदगुलीच म्हणाली, "मावशी, तिला नको बोलूस. पैज मी लावली. मीच तिला हिणवायचे. बोट भाजलं ते माझ्यामुळं, आणि वाचलं ते हिच्यामुळं."

तात्पर्य काय, तर नको असलेली बातमी वेळेवर आणणाऱ्याचं तोंड बंद करू नका. त्याच्या ओरडण्यामुळंच आपण धड आहोत, तेव्हा कधीतरी त्याला थँक्यू म्हणा.