बोराटीचं कुंपण

त्या मुलखात गवत कमी होतं आणि कुरकुर फार. टेकडीच्या पायथ्याशी एका आवारात शेळ्यांचा कळप राहत असे. धन्याने आवाराभोवती बोराटीचं दाट कुंपण वाढवलं होतं, हौद भरून ठेवला होता, वैरण रचली होती. डोंगरापलीकडे जाताना त्याने एवढंच बजावलं होतं, "मी परत येईपर्यंत कुंपणाला तोंड लावू नका."

धनी समोर होता तोवर ही आज्ञा कुणाला जड गेली नाही. तो दिसेनासा झाला तशी ती खुपू लागली. वैरण पोटापुरती होती, पण सुकी. आणि कुंपणाच्या आतल्या अंगाला कोवळी पालवी लवलवत होती.

पहिला घास घेतला तो कळपाच्या म्होरक्याने, दांडगा नावाच्या बोकडाने. "आपल्याला कोंडायला लावलंय हे," तो म्हणाला. "हिरवा पाला धन्याने राखायचा आणि आपण काड चघळायचं!" त्याने खाल्लं, आणि त्याला काही झालं नाही. मग दुसरीने खाल्लं, तिसरीने खाल्लं. बघता बघता सारा कळप कुंपणाला लागला.

लागली नाही ती एकटी कोसी. ती काही फार धीट शेळी नव्हती. पाल्याच्या वासाने तिच्याही तोंडाला पाणी सुटे. आज्ञेमागचं कारण तिला ठाऊक नव्हतं. आज्ञा देणारा मात्र ठाऊक होता.

आधी सगळे हसले. मग हसणं थांबलं, कारण न खाणारी समोर उभी असली की खाणाऱ्याचा घास कडू होतो. तिला हौदावरून हुसकलं, सावलीतून उठवलं. जाता-येता कुणीही तिच्या बरगडीत शिंग खुपसू लागलं.

एकदा तिची बहीण टिकली जवळ आली. "अगं, एक पान खाल्लंस म्हणून काय बिघडतं? तुझ्यापायी मलाही कुणी उभं करत नाही."

"त्याने नको म्हटलंय."

"तो आहे कुठे?"

कोसीला शिंगांपेक्षा तो प्रश्न जास्त लागला. टिकली वळली आणि तिच्या देखत कुंपणाला तोंड लावून पाला ओरबाडू लागली.

खाता खाता कुंपणाला खिंडार पडलं. भर दुपारी दांडग्याने कळप गोळा केला आणि कोसीला त्या खिंडाराशी रेटत नेलं. "धन्याची एवढी लाडकी ना तू? मग जा त्याच्याकडे!" मागून धडक बसली. कोसी बाहेर जाऊन पडली.

ती उठली, वळली, आणि तिने जन्मात पहिल्यांदा ते कुंपण बाहेरून पाहिलं.

बाहेरच्या अंगाला पाला नव्हताच. काटेच काटे होते, बोटाएवढे, आणि एकूण एक काटा बाहेर रोखलेला. काट्यांना करड्या केसांचे झुबके अडकले होते. काही जुने, उन्हाने विटलेले, काही ओल्या रक्ताने चिकटलेले.

उतारावरच्या झुडपांतून तशाच करड्या केसांचा लांडगा उठला. त्याने कोसीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो खिंडाराकडे बघत होता. खिंडारातून कळपाची तोंडं तिला बघायला डोकावत होती, चघळत.

डोंगराची वाट कोसीला मोकळी होती. ती खिंडाराकडे धावली, त्यात आडवी घुसली आणि कळपाकडे पाठ करून उभी राहिली.

"परत आली! हाकला तिला!" दांडगा ओरडला. त्याची शिंगं तिच्या मांडीत रुतली. मग आणखी कुणाची. पण कोसीने माती सोडली नाही.

तेवढ्यात तिच्या कुशीला कुणीतरी रेटून उभं राहिलं. टिकली होती. तिने बाहेर पाहिलं, आणि तोंडातला पाला थुंकला.

लांडगा उतरत जवळ आला आणि थबकला. मागून धडका बसतच होत्या. खिंडारात चार शिंगं खाली झुकली होती, चारही बाहेर रोखलेली.