येसूचे जादा दहा रुपये

"कागदावर सहा लिहिलेत, सहाच घेणार," असं म्हणत त्रिंबकशेट सावकारांनी येसूचे दहा रुपये तिच्याच पदरात परत टाकले.

"अहो शेटजी, पैसे देतेय, मागत नाही मी."

"तेच तर! मागितले असतेस तर दिले असते. व्याजाने."

ओटीवर बसलेली मंडळी फिदीफिदी हसली. येसू तांबटीण मात्र जागची हलली नाही. हलणार कशी? तिच्या नवऱ्याने, हैबतीने, भट्टीसकट राहतं घर शेटकडे गहाण टाकून पाचशे रुपये उचललेले. दर पुनवेला सहा रुपये, असं पंधरा वर्षं भरायचं. एक पुनव चुकली की घर शेटचं. तीन वर्षांत दोनशे सोळा रुपये भरून झाले होते आणि मुद्दल उतरलं होतं त्रेचाळीस रुपये. बाकीचं सगळं व्याजाच्या पोटात. त्यात भट्टीच्या झळांनी हैबतीचे डोळे अधू होत चाललेले. आणखी बारा वर्षं त्याचा हातोडा नेमका कुठला पडायला? म्हणून येसू दारोदार फिरून गळक्या घागरी गोळा करी, सांधून परत नेऊन देई. पै पै जमवून महिन्याला जादा दहा रुपये तिने उभे केले होते. दर पुनवेला सोळा भरले तर बारा वर्षांचं काम तिनाच्या आत उरकणार होतं.

हा हिशेब शेटनाही येत होता. दुभती म्हैस आपण होऊन कोण आटवील?

"असं कर येसू," शेट पानाला चुना लावत म्हणाले, "मला परत देता येणार नाहीत असे पैसे घेऊन ये. तेवढे मुदलातून कापीन. ही चार माणसं साक्षीला."

"कापाल ना नक्की?"

"आधी आण तर खरी. आलेला पैसा परत द्यायला माझे हात काय मोडलेत?"

येसू घरी आली. आता शेटच्या घरची रीत साऱ्या पेठेला ठाऊक होती. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की त्या घरातून छदाम बाहेर जात नसे. लक्ष्मी आत येईल, बाहेर जाणार नाही. सुईण रात्रीची आली, नातू झाला, तरी तिला म्हणे सकाळपर्यंत पायरीवर बसवलं होतं!

पुढच्या पुनवेला शेटाणीबाईंनी वात सारखी केली आणि दारात येसू उभी. सोळा रुपये तिने शेटच्या ओंजळीत ओतले.

"दहा जादा झाले," शेट म्हणाले.

"हो का? मग द्या परत."

शेटनी हात पुढे केला, तोच आतून शेटाणीबाई कडाडल्या, "अहो, दिवा लागलाय! कुठे निघालात लक्ष्मी वाटायला?"

शेटनी हात मागे घेतला. "सकाळी येऊन घेऊन जा."

"बरं. चिठ्ठी तेवढी द्या. दहा रुपये जादा आले, परत दिले नाहीत."

सकाळी येसू काही गेली नाही. शेटनी दोन दिवस वाट पाहिली, मग विचार केला, बिनव्याजी पैसा आयता पेटीत पडलाय, आपण कशाला आठवण करा? ते दहा त्यांनी एका पिंजाऱ्याला व्याजाने देऊन टाकले. पुढच्या पुनवेला तेच. त्याच्या पुढच्याही. दहा पुनवा झाल्या, दहा चिठ्ठ्या जमल्या, तेव्हा येसू म्हणाली, "शेटजी, परत काही देता आले नाहीत. कापा मुदलातून."

"कापा? अगं, ते तुझे म्हणून ठेवलेत. ने की कधीही."

भांडण राजापर्यंत गेलं. राजा भारी हट्टी. कागद म्हणजे कागद, पुढे ऐकायचं नाही. गहाणखत वाचून तो म्हणाला, "यात सहाच लिहिलेत. बाई, तुझे शंभर रुपये घे आणि घरी जा."

"घेते महाराज. म्हणजे हे शंभर माझेच ना?"

"तुझेच."

"आणि वापरले शेटजींनी?"

शेट खाकरले. "तसे... पेटीत नुसते कशाला ठेवायचे, म्हणून फिरवले थोडे."

"मग महाराज, शेटजी माझं कूळ झाले, माझे देणेकरी," येसू म्हणाली. "दहाही चिठ्ठ्यांवर तारखा आहेत. त्या त्या तारखेपासून व्याज द्यावं. दर त्यांचाच, मी काही वेगळा लावत नाही. आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे राहतं घरही गहाण लिहून द्यावं. दहा पुनवा चुकल्यात त्यांच्या. मी एक चुकले असते तर बाहेर असते. नाहीतर, पैसे आले त्याच दिवशी मुदलातून कापले, असं म्हणावं. माझी कशालाच ना नाही."

राजाने शेटकडे पाहिलं. "काय शेट? वाडा लिहून देता?"

"कापले, महाराज," शेट घाईघाईने म्हणाले. "त्याच दिवशी कापले."

राजा असा हसला की चवरीवालाही चवरी विसरला. डोळे पुसत तो म्हणाला, "आजपासून माझ्या राज्यात कुळाने जादा आणलं तर त्याच दिवशी मुदलातून कापायचं. बाई, तुला बक्षीस काय देऊ?"

"मुदपाकखान्यातले हंडे पार चेमटलेत, येताना पाहिले. नवे घडवायचं काम आम्हाला द्यावं. आणि तीनशे अडतीस रुपये आगाऊ द्यावेत."

"अडतीस? हे कुठून काढलंस?"

"घरावर तेवढेच उरलेत."

"देतो. उद्या सकाळी खजिन्यातून घेऊन जा."

"उद्या कशाला, महाराज? शेटजी समोरच बसलेत. आणखी एका दिवसाचं व्याज मी कशाला भरू?"

राजा पुन्हा हसत सुटला, आणि हसता हसताच त्याने खजिनदाराला हाक मारली. ऊन उतरायच्या आत तीनशे अडतीस रुपये शेटनी मोजून घेतले आणि घराचा कागद येसूच्या हातात आला.