वाकलेलं लाकूड

सातपुड्यातल्या एका लहानशा संस्थानात वेस्ता नावाचा म्हातारा धामणीच्या लाकडाची धनुष्यं तासायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा, "काम झालं की दोरी उतरवा, लाकडाला जरा पाठ सरळ करू द्या."

पण सरदार दळपतरावांना दोरी उतरवलेलं धनुष्य काठीसारखं दिसे. त्यांनी वेस्ताकडून घेतलेलं धनुष्य दोरी न उतरवता, ताणलेलंच सदरेवर टांगलं आणि सहा महिने पाहुण्यांपुढे मिशा पिळल्या. मग शिकारीत, खुद्द राजांसमोर, बाण सुटला तो त्यांच्याच जोड्यावर पडला. रानडुक्कर खुशाल चालत निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सरदार दरबारात गरजले, "महाराज, या थेरड्यानं कुजकं लाकूड माझ्या गळ्यात मारलं! हद्दपार करा याला!"

राजांनी वेस्ताकडे पाहिलं. "काय म्हणणं आहे तुझं?"

"सांगतो, महाराज. फक्त सरदारांनी आपल्याला मुजरा करावा आणि माझं सांगून होईस्तोवर तसंच वाकून राहावं."

राजांपुढे वाकायला नाही कसं म्हणणार? सरदार वाकले. वेस्तानं निवांत सुरुवात केली. झाड कुठलं, तोडलं कधी, सावलीत सुकवलं किती. मध्येच थांबून पाणीही प्याला. सरदारांची पगडी घसरून नाकावर आली.

"झालं माझं. उठा, सरदार."

"आई गं!" सरदारांनी कंबर धरली. पाठ काही सरळ होईना.

वेस्तानं हात जोडले. "महाराज, घटकाभर वाकले तर ही गत. माझं लाकूड यांच्या सदरेवर सहा महिने वाकलेलं होतं. पण म्हणून मी काही सरदारांना कुजकं म्हणत नाही!"